गल्लीवरची वायर

रशीदभाई, भाभी म्हणाली, "भाईसाब, वो वायर उतार लो, उसके मारे खिडकी बंद नई होती." मी हाव म्हणालो. त्याला आज पाच दिवस झाले. खिशात पक्कड घालून दोनदा तुझ्या दारापर्यंत आलो आणि चपला न काढताच परत फिरलो. तू असतास तर ओरडला असतास, "चढायचं असंल तर चढ मास्तर, न्हाईतर दार सोड. मागं लोकं खोळंबलेत." मागं कुणी नव्हतं. तू जाऊन बारा दिवस झालेत, आणि बारा दिवसांत तुझ्या अंगणात लोकांची वर्दळसुद्धा आटलीय.

लोक मला अजून विचारतात, तुमचा तो ड्रायव्हर गेला ना. तुमचा म्हणतात. आपण दोघं एसटीत अहमदपूर-नांदेड गाडीवर, तू ड्रायव्हर, मी कंडक्टर. मध्ये ड्यूट्या बदलायच्या, पण फिरून फिरून आपण एकाच गाडीवर यायचो. तू तीन वर्षांनी मोठा, म्हणून प्यासिंजरांसमोर मी तुला तुम्ही म्हणायचो आणि वाटेत लोह्याला चहा पिताना तू. तू मला सगळीकडे मास्तरच म्हणालास. माझ्या बायकोच्या मयतीतसुद्धा खांद्यावर हात ठेवून "मास्तर" एवढंच म्हणालास. मला तेवढं पुरलं होतं.

आपलं एक भांडण राहिलं. गाडी कुणाची? तू म्हणायचास, ज्याच्या हातात स्टेअरिंग त्याची. मी म्हणायचो, ज्याच्या हातात घंटीची दोरी त्याची. एक घंटी दिली की थांबायचं, दोन दिल्या की निघायचं. डबल बेल मिळाल्याशिवाय तुला चाक फिरवायची परवानगी नाही, मग मालक कोण? यावर आपण निवृत्त होईपर्यंत वाद घातला आणि नंतरही घातला. आठवतं, लोह्याच्या बाजाराचा दिवस होता, गाडी खच्चून भरली होती आणि मी वैतागून डबल दिली. गाडी जागची हलेना. मी पुन्हा दिली. तू इंजिन बंद केलंस, खाली उतरलास, गाडीला वळसा घालून मागच्या दाराशी आलास आणि एका म्हातारीचं टोपलं उचलून वर ठेवलंस. तिचा एक पाय अजून जमिनीवर होता, मी बघितलंच नव्हतं. जाताना मला म्हणालास, "घंटी तुझी हाय मास्तर, आरसा माझा हाय." तेव्हा मला राग आला होता. नांदेडपर्यंत मी तुझ्याशी बोललो नाही.

निवृत्तीनंतर समोरासमोर घरं झाली. मधे एवढीशी गल्ली. तुझ्या नातीच्या, सनाच्या अभ्यासासाठी तुमच्याकडे इंटरनेट आलं, आणि त्याच सुमारास नांदेडच्या माझ्या लेकीनं, वैशालीनं तिचा जुना कॉम्प्युटर मला आणून दिला, नातवाचं तोंड रोज दिसावं म्हणून. तू म्हणालास, दोन घरांना एक कनेक्शन पुरतंय. सनानं लांबलचक करडी वायर आणवली. तुझ्या खिडकीतून ती निघाली, गल्लीवरून माझ्या गच्चीवर आली आणि तिथून खाली माझ्या खिडकीतून कॉम्प्युटरच्या पाठीत गेली. वायर लावून झाली तशी तू तिच्याकडे मान वर करून बराच वेळ बघत राहिलास. मी म्हणालो, "काय झालं?" तू म्हणालास, "दोरी हाय की रे ही. घंटी कुठं हाय?"

झालं. देवणीला माझ्या मामाकडे बैलाच्या गळ्यातली पितळी घंटी पडून होती, ती मी घेऊन आलो. माझ्या खिडकीशी ती वायरीला बांधली. तुझ्या बाजूला वायरीचा वेढा तू खाटेच्या पायाला दिलास, गाडीच्या टपावर ताडपत्री बांधताना मारायचास तीच गाठ. वायरीला भरपूर ढील होती. खाटेवर पडल्या पडल्या तू दोन हिसके दिलेस की माझ्या खिडकीत घंटी दोनदा वाजायची. डबल बेल. निघ, चहाला ये. आपण दोघं साठी उलटलेले म्हातारे त्या दिवशी पोरांसारखे हसलो.

आता खरं सांगतो. आजवर ते कुणाला सांगितलं नाही. मला त्या घंटीचा कंटाळा आला होता.

तू दिवसातून दहादा वाजवायचास. वानरं आली, वाजव. पेपरात काही छापून आलं, वाजव. मी खिडकीत येऊन विचारायचो काय, तर तू समोरून म्हणायचास, "काय न्हाई. बघितलं, हायस का." आणि प्रत्येक हिसक्याला कॉम्प्युटरच्या पाठीतली वायर सैल व्हायची. नातू "आजोबा" म्हणायला तोंड उघडायचा आणि तसाच, तोंड उघडं ठेवून पडद्यावर थिजायचा. सना तुला ओरडायची, "दादा, वायर ओढू नका ना, नेट जातंय." तू दोन दिवस ओढायचा नाहीस. तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू.

मग मला कुणीतरी सांगितलं की बिनवायरचं नेट मिळतं. लातूरला गेलो होतो तेव्हा तिथल्या दुकानातून घेऊन आलो. अंगठ्याएवढा अडॅप्टर, त्याला अँटेनाची दुमडणारी इवलीशी शेंडी. दुकानदार म्हणाला, कॉम्प्युटरला टोचायचं की झालं. मला घाई झाली होती. घरी येताच मी आधी गच्चीवर चढून वायर सोडली, माझ्या बाजूची सगळी काढून गुंडाळून ठेवली, आणि मगच सनाला हाक मारली.

तिच्या मागोमाग तू आलास, हातात लिंबू. "नवी गाडी हाय, चाकाखाली लिंबू पाहिजे." कॉम्प्युटरला चाक नाही म्हटल्यावर तू ते त्याच्यासमोर ठेवलंस आणि खुर्ची ओढून बसलास. सनानं अडॅप्टर पाठीमागच्या खाचेत घातला. निळा दिवा लागला. मग पडद्यावर काहीतरी आलं, ती ते वाचून म्हणाली, "ड्रायव्हर सापडत नाही म्हणतोय."

तू खुर्चीतून उठलास. शर्टाची कॉलर सरळ केलीस. "ड्रायव्हर इथं हाय म्हणावं. तीस वर्षं सर्व्हिस झाली."

सना हसून हसून खाली बसली. मग तिनं समजावलं, की हा ड्रायव्हर म्हणजे एक प्रोग्राम असतो, नव्या वस्तूला कसं चालवायचं ते तो कॉम्प्युटरला सांगतो. खोक्यात त्याची सीडी आहे, पण तुमच्या कॉम्प्युटरचा सीडीचा खण उघडतच नाही. तेव्हा ड्रायव्हर नेटवरून उतरवून घ्यावा लागेल.

"उतरवून?" तू म्हणालास. "ड्रायव्हरला खाली उतरवल्यावर गाडी हाकणार कोण? हा मास्तर?"

आणि ड्रायव्हर उतरवायला नेट पाहिजे, नेटला वायर पाहिजे, आणि वायर तर मी मघाशीच मोठ्या तोऱ्यात काढून टाकलेली. तुझ्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मला अजून दिसतो. "बघ मास्तर. बिनवायरचं बी वायरीबिगर हालंना." पुन्हा गच्चीवर मीच चढलो. वायर जोडली, ड्रायव्हर आला, सनानं तो बसवला, कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू केला. मग पडद्यावर आजूबाजूच्या घरांची नावं आली आणि त्यांत तुझ्या घराचं, तूच सनाला सांगून ठेवलेलं: अहमदपूर-नांदेड जलद. पासवर्डही तूच ठेवलेला, तो तिनं हळूच विचारला. तू तो एवढ्या मोठ्यानं सांगितलास की गल्लीच्या कोपऱ्यावरच्या पोरांना तो पाठ झाला, आणि रात्र व्हायच्या आत तिला तो बदलावा लागला.

सनानं वायर काढली तशी तू कॉम्प्युटरच्या मागं वाकून बघितलंस. हात घालून चाचपलंस.

"मग आता हे कशाला बांधलंय?"

"कशालाच न्हाई," मी म्हणालो. "हवेतून येतं."

तुला ते आवडलं नाही. तू म्हणालास, "नेट हवेतून येऊ दे. वायर ऱ्हाऊ दे तशीच. घंटीला कामाला येती." मी म्हणालो, कशाला, फोन आहेत ना दोघांकडे. तू म्हणालास, फोनला चष्मा लागतो, नंबर हुडकावा लागतो, वायर नुस्ती हाताला लागती. सना एकदा तुझ्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. तू पुन्हा म्हणालास, "ऱ्हाऊ दे की मास्तर." आणि मी म्हणालो,

"रशीदभाई, मला जरा निवांत बसू दे की आता."

सनासमोर म्हणालो. प्यासिंजरांसमोर तुला कधी वर तोंड करून बोललो नाही आणि तुझ्या नातीसमोर बोललो. तू लिंबू उचललंस, ते उगाच या हातातून त्या हातात केलंस आणि म्हणालास, "बरं." मास्तर म्हणाला नाहीस. त्या एका "बरं"वर मी चार महिन्यांत हजारदा बोलायचं ठरवलं. उद्या बोलू, ईदला गळाभेट घेताना बोलू. ईदला शिरखुर्मा खाल्ला, वर अजून वाटीभर मागितला आणि हवापाण्याच्या गप्पा मारून घरी आलो.

त्या संध्याकाळी मी घंटी सोडून कपाटाच्या खणात टाकली. वायरीचं माझ्याकडचं टोक गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं टाकून दिलं आणि तुला म्हणालो, सवडीनं तुझ्या बाजूनं ओढून घे. तू बघू म्हणालास. नंतर ती गल्लीवर लोंबताना मला दिसत असणारच, पण तिथं केबलवाल्याच्या दहा वायरी लोंबतात, मी वर बघितलंच नाही.

अडॅप्टर मात्र झकास चालला. पडद्याच्या कोपऱ्यात सिग्नलच्या रेघा पूर्ण भरलेल्या. नातू थिजायचा बंद झाला. तू पूर्वी दिवसातून दहादा बोलवायचास, आता दोन-तीन दिवसांतून एकदा काठी टेकत यायचास, आणि मी त्याला निवांतपणा समजत होतो.

त्या दिवशी दुपारी भाभी उदगीरला बहिणीकडे गेली होती, सना लातूरला कॉलेजात. जेवण करून मी कॉम्प्युटरसमोर बसलो. वैशालीनं नातवाला समोर धरलं, तो नवा शिकलेला पाढा म्हणत होता. वैशाली म्हणाली, "बाबा, आज किती क्लिअर दिसून राहिलाव तुम्ही!" मी अडॅप्टरची शेंडी तिला दाखवली. म्हणालो, रशीदभाईच्या घरून येतंय, मधे काही नाही बघ, सगळं हवेतून. मी हे बोलत होतो, हसत होतो, पडद्यावर सगळ्या रेघा भरलेल्या होत्या. तुझ्या घरातून माझ्या घरात सगळं येत होतं रशीदभाई, आणि तू तिकडे खाटेवरून खाली पडला होतास.

चारला भाभी आली. तिची किंकाळी मात्र मला लगेच ऐकू आली.

डॉक्टर म्हणाले, दोन-अडीचला गेले असतील, झटका मोठा होता, लगेच संपलं, काही कळलंच नसेल. मी त्यांना विचारलं, लगेच म्हणजे किती लगेच? ते म्हणाले, लगेच हो. मी पुन्हा विचारलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बॅग उचलली.

दुसऱ्या दिवशी कब्रस्तानात तुझ्या धाकट्या भावानं मला पुढं बोलावलं. मी तीन मुठी माती दिली. माती दगडगोट्यांची होती, मी त्यातले खडे निवडत बसलो, मागच्यांना थांबावं लागलं. तिसऱ्या दिवशी जियारत, कबरीवरची दुवा, झाली. आणि पाच दिवसांपूर्वी चहा देताना भाभीनं ते खिडकीचं सांगितलं.

मी म्हणालो, कुठली वायर? ती मला आत घेऊन गेली. रशीदभाई, ती तुझ्या खाटेच्या पायाला अजून बांधलेली होती. तीच गाठ. तिथून खिडकीच्या गजातून बाहेर. मी म्हणालो, यानं सोडलीच नाही? भाभी पदरानं खाटेची कड पुसत होती. ती म्हणाली, "रोज खींचते थे भाईसाब. चाय के टैम पे, दो बार. मैं बोलती, उधर घंटी नई है, कायकू खींचते. तो बोलते, मास्तर के कान में है."

मी खुर्चीवर बसलो. चहा गार झाला. मग तिनं मी न विचारताच सांगितलं, की त्या दिवशी तू खाटेच्या खिडकीकडल्या बाजूला पडला होतास. उजवा हात वर, खाटेच्या पायापाशी.

गुडघे दुखतात म्हणून मी चार महिने गच्चीवर गेलो नव्हतो. त्या दिवशी गेलो. वायरीचं टोक टाकीमागं नव्हतं. सगळी गच्ची ओलांडून ते कठड्यापर्यंत ओढलं गेलं होतं आणि पाणी जायच्या भोकात प्लग अडकून बसला होता. वायर ताठ होती. मी तिथंच धुळीत बसलो आणि म्हातारपणी रडू नये असं रडलो.

ती शेवटची कधी ओढलीस? रोजच्या चहाला ओढता ओढता ती तिथं येऊन अडकली, की त्या दुपारी? हे मला आता कुणी सांगणार नाही. डॉक्टर म्हणतो काही कळलंच नसेल, भाभी म्हणते हात वर होता. कधी वाटतं, तू पडता पडता आधाराला खाटेचा पाय धरला असशील. आणि कधी मी इथं खुर्चीत बसलेला असतो, नातू पाढा म्हणत असतो, आणि कपाटाच्या खणात ठेवलेली घंटी वाजत नाही. घंटी असती तर मी काय केलं असतं? "हा म्हातारा पुन्हा वानरं दाखवायला बोलावतोय" म्हणून बसून राहिलो असतो का? राहिलो असतो, एखादे वेळी. पण दुसऱ्यांदा वाजली असती तर आलो असतो रे. शिव्या देत आलो असतो, पण आलो असतो.

मला माफ कर रशीदभाई. निवांत बसू दे म्हणालो त्याबद्दल, आणि त्याहून जास्त, ते परत घेतलं नाही त्याबद्दल. त्या म्हातारीचा पाय जमिनीवर असताना मी डबल दिली तेव्हा तू आरशात बघत होतास. तुझा पाय निसटला तेव्हा बघायला माझ्याकडे आरसा नव्हता, आणि जी एक घंटी होती ती मी स्वतःच्या हातानं खणात टाकली होती. आणि तरी तू चार महिने रोज दोन हिसके देत राहिलास. माझ्यावर रागावून नाही दिलेस, एवढं मला कळतं. गल्लीपलीकडं राहणारा माणूस आहे का नाही ते तू विचारत होतास, आणि उत्तर न येता समाधान मानत होतास. एवढा जीव माझ्यावर माझ्या बायकोनंतर कुणी लावला नाही. तो हयातीत ओळखायला मी कमी पडलो, पण मिळाला तो मलाच.

गाडी कुणाची, तो वाद मी हरलो, असं समज. गाडी तुझीच होती. मी नुसता मागं उभा राहून दोरी धरायचो.

आज सकाळी अखेर पक्कड घेऊन आलो. भाभी दारात होती. म्हणालो, भाभी, ही वायर मी काढत नाही. तिनं पक्कडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "रहने देव. खिडकी खुली अच्छी लगती." मग मी गच्चीवर गेलो, भोकातला प्लग सोडवला, वायर पूर्वीसारखी खाली घेतली आणि खणातली घंटी काढून माझ्या खिडकीशी बांधली. कॉम्प्युटरला जोडली नाही. त्याचं काम अडॅप्टर करतोच.

आता मी तिच्याजवळ बसून हे लिहितोय. वारा सुटला की गल्लीवरची वायर हलते आणि घंटी वाजते. एकदाच वाजते, मग थांबते. सिंगल म्हणजे काय ते तुला सांगायला नको. तू माझ्या डबल बेलशिवाय गाडी कधी हलवली नाहीस, म्हणून मी या घंटीला हात लावत नाही. चुकून दोनदा वाजली तर तू निघशील.